चालू इयत्ता

मुंगीने झाडांचा डॉक्टर व्हायचं ठरवलं तेव्हा ती नववीत होती. ती झाडांचा डॉक्टर कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात आणि कोणकोणत्या टप्प्यांनी होणार, याचा तक्ता तिच्या वडिलांनी त्याच आठवड्यात तयार केला.

यात नवल काही नव्हतं. वडील बसच्या आगारात वेळापत्रकाचे कारकून होते. कोणती गाडी किती वाजता सुटेल, कुठे किती मिनिटं थांबेल, तिचा चालक जेवायला कधी उतरेल, हे सगळं ते मोठ्या चौकटींच्या कागदावर आधी पेन्सिलीने लिहीत, मग शाईने गिरवत आणि मग छापायला देत. सव्वीस वर्षं ते हेच करत आले होते. आगारात त्यांना टायमटेबलसाहेब म्हणत. त्यातला ‘साहेब’ आदराचा होता की थट्टेचा, याचा त्यांनी कधी तपास केला नव्हता. तपास केला असता तर काहीतरी कळलं असतं, आणि ते त्यांना नको होतं.

मुंगी हे मुलीचं घरातलं नाव. लहानपणी ती खाली मान घालून, जमिनीवर काय काय पडलंय ते गोळा करत चालायची, म्हणून ते पडलं. आता ती वर झाडांकडे बघत चाले आणि त्यापायी दोनदा विजेच्या खांबावर आपटली होती. पण नाव तेच राहिलं. तिच्याकडे एक वही होती. तिच्यात ‘चौदा नंबरचा रस्ता, तिसरा स्टॉप, खोडाला उभी चीर, डिंक गळतोय’ अशा नोंदी असत. माणसं नवी सायकल दाखवायला नेतात तशी ती मैत्रिणींना बुरशी दाखवायला नेई. मैत्रिणी फार नव्हत्या.

झाडांचे रोग शिकवणारं कॉलेज एकच होतं, बसने आठ तासांवर. दर वर्षी तिथे चोवीस मुलं घेत. मुंगीला तेच हवं होतं, दुसरं कुठलंही नको होतं. आईने एकदा सुचवून पाहिलं, की माणसांचे दातही किडतात, तेही शास्त्रच आहे. आई दातांच्या दवाखान्यात रोग्यांना वेळा देण्याचं काम करायची, म्हणून तिला तसं वाटलं असावं. मुंगी म्हणाली, “आई, दात किडला तर माणूस ओरडतो. झाड ओरडत नाही.” त्यावर आईने पुन्हा विषय काढला नाही.

तक्ता स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी लागला. आडव्या चार इयत्ता, उभे बारा महिने. कॉलेजची माहितीपुस्तिका मागवणे, माहितीपुस्तिका वाचणे, माहितीपुस्तिका पुन्हा वाचणे. जीवशास्त्राच्या बाईंकडून शिफारसपत्र. अर्जाबरोबर एक निबंध जोडायचा होता. ‘आयुष्यातील एखादे अपयश व त्यापासून तुम्ही काय शिकलात, तीनशे शब्दांपर्यंत लिहा.’ मुंगीच्या गाठीला तोवर एकही अपयश नव्हतं. वडिलांनी दहावीच्या जूनच्या चौकटीत लिहिलं, ‘अपयश: पंधरा दिवस.’

“पंधरा दिवस कमी पडतील,” आई म्हणाली. “माझं तर लग्न झाल्यापासून चालू आहे.”

वडिलांनी पेन्सिलीने तीन आठवडे केले.

अपयश मिळालं ते आगारातच. गाड्या धुतात त्या जागेमागे एक जुनं झाड होतं, त्याच्या बुंध्याला जखम झाली होती. मुंगीने परवानगी काढून ते हाती घेतलं. शाळा सुटली की ती तिथे येई, कुजका भाग खरवडे, लेप लावे, फडकं बांधे. चालक-वाहक मंडळी येताजाता “डॉक्टरीणबाई, पेशंट काय म्हणतोय?” म्हणून विचारत. पेशंट काही म्हणाला नाही. पाच महिन्यांनी, दहावीच्या जूनमध्येच, झाड वठलं. वडिलांनी तिची समजूत घातली आणि तक्त्यात त्या चौकटीवर बरोबरची खूण केली. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. पण काम वेळेत झालं होतं हेही खरंच होतं.

आता आगारातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आगारात नवं वेळापत्रक छापून आलं, की त्याच दिवसापासून त्याला ‘चालू’ म्हणत; मग ते लागू व्हायला चार महिने का असेनात. रस्त्यावर ज्या वेळापत्रकाने प्रत्यक्ष गाड्या धावत असत, त्याला ‘जुनं’ म्हणत. बाहेरच्या माणसाला हे उफराटं वाटे. पण आगारात कोणाचाही गोंधळ होत नसे. जे छापून वाटून झालंय त्याचं आता काही करता येत नाही. काम करायचं ते पुढच्यावर, एवढा साधा विचार त्यामागे होता. सव्वीस वर्षांत ही भाषा वडिलांच्या अंगात इतकी मुरली होती, की तिला वेगळी भाषा म्हणतात हेच ते विसरले होते.

मुंगी अकरावीत गेली आणि ऑगस्टमध्ये वडिलांनी बारावीचा रकाना शाईने गिरवला. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी बारावी चालू झाली, आणि मुंगी रोज दप्तर घेऊन ज्या वर्गात जाऊन बसत होती ती अकरावी जुनी झाली.

“जुन्याचा अभ्यास झाला का?” ते जेवताना विचारत.

“झाला, बाबा.”

“मग चालूचं थोडं बघून ठेव.”

घरात सगळ्यांना हे कळायचं. तोटा तोच झाला.

अर्ज पाठवायची शेवटची तारीख ऑक्टोबरच्या अखेरची होती. बारावीच्या ऑक्टोबरची. वडिलांनी तो अकरावीच्या ऑक्टोबरमध्ये पाठवायचं ठरवलं. आगारात पुढच्या हंगामाच्या जादा गाड्यांच्या मागण्या वर्षभर आधी येत, आणि ज्यांची मागणी आधी, त्यांना हवी ती वेळ मिळे. कॉलेजातही असंच काहीतरी असणार. माणसं सगळीकडे सारखीच, असा त्यांचा हिशोब.

अर्ज स्वच्छ अक्षरात भरावा, असं वर छापलं होतं. मुंगीचं अक्षर घाईत असलेलं होतं. वडिलांचं अक्षर छापल्यासारखं. तेव्हा अर्ज त्यांनीच भरला आणि निबंधही तिच्या कच्च्या कागदावरून त्यांनीच उतरवून काढला. ‘चालू इयत्ता’ या चौकटीत त्यांनी क्षणभरही न थांबता लिहिलं, बारावी. मुंगीने खाली सही केली. बाबांनी तपासलेला कागद पुन्हा वाचणं म्हणजे धुतलेलं ताट पुन्हा धुणं, असं त्या घरात मानलं जायचं.

फेब्रुवारीत पत्र आलं. ते आईने उघडलं, ओट्याशी उभं राहून वाचलं आणि मुंगीच्या हातात दिलं. मुंगीने मोठ्यांदा वाचलं. चोवीसांत तिची निवड झाली होती. तिने येत्या जूनच्या एक तारखेला बारावी उत्तीर्ण झाल्याच्या दाखल्यासह हजर व्हायचं होतं. हजर न राहिल्यास निवड नाकारली असं समजण्यात येईल, आणि एकदा निवड नाकारलेल्या विद्यार्थ्याचा अर्ज पुन्हा विचारात घेतला जात नाही.

“येत्या म्हणजे कोणत्या जूनला?” आईने विचारलं.

“येत्या,” वडील म्हणाले.

“येत्या जूनमध्ये ही बारावीत बसेल. पास कुठून होणार?”

वडील उठले आणि तक्त्याशी जाऊन उभे राहिले. तक्त्यात सगळं जागच्या जागी होतं. मग त्यांनी कपाटातून अर्जाची झेरॉक्स काढली, चष्मा लावला आणि ‘चालू इयत्ता: बारावी’ या ओळीवर बोट ठेवलं.

“हे तर बरोबर आहे,” ते म्हणाले.

मुंगी त्यांच्याकडे बघत होती. बोट तसंच होतं. साधारण एक गाडी स्टॉपवर थांबते तेवढा वेळ गेला, आणि मग वडील खुर्चीत बसले.

“अरे देवा,” ते म्हणाले.

“वरातीमागून घोडं ऐकलं होतं,” आई म्हणाली. “वरातीच्या आदल्या वर्षी घोडं आजच बघितलं.”

“बाबा,” मुंगीने विचारलं, “म्हणजे मला कॉलेज मिळालं की गेलं?”

वडिलांनी विचार केला. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती.

“दोन्ही,” ते म्हणाले.

मुंगी रडली नाही. ती आपली वही घेऊन गॅलरीत गेली आणि बराच वेळ समोरच्या झाडाकडे बघत राहिली. त्या झाडाला काहीही झालेलं नव्हतं. आईने एक-दोन उपाय सुचवले. ती आजारी आहे असं कळवू या. वर्षभर? बरं, मग बाहेरून परीक्षेला बसवू या. तीन महिन्यांत बारावी? शेवटी आईने स्वतःच कॉलेजला फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि असं प्रकरण आपण नोकरीत पहिल्यांदाच ऐकत असल्याचं सांगितलं. निवडीबद्दलची तक्रार आजवर निवड न झालेल्यांनीच केली होती. तुम्ही समक्ष या, मूळ अर्ज काढून ठेवतो, असं तो म्हणाला.

वडील आणि मुंगी पहाटेच्या पहिल्या गाडीने निघाले. तिसऱ्या तासाला मुंगी म्हणाली, “बाबा, तिथे तुम्ही काही बोलायचं नाही. मी बोलते.”

“अगं, पण चूक माझी—”

“कबूल करा, बोलणार नाही म्हणून.”

“कबूल.”

ते खिडकीबाहेर बघत बसले. एरवी दुसऱ्या आगाराची गाडी किती उशिरा धावतेय हे ते घड्याळ लावून बघत. त्या दिवशी पाऊण तास उशीर झाला आणि तो त्यांच्या लक्षातही आला नाही.

प्रवेशाचं ऑफिस तळमजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला होतं. प्रवेश-अधिकारी बाई पन्नाशीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. टेबलावर मुंगीचा अर्ज होता, शाईचा पॅड होता, दोन शिक्के होते. खिडकीत एक कुंडी होती. तिच्यातलं रोप कडेकडेने करपत चाललं होतं. मुंगीची नजर आत शिरताच तिकडे गेली.

“तिकडे बघू नकोस,” बाई म्हणाल्या. “इथे सगळेच झाडांचे डॉक्टर. प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.”

मग त्यांनी अर्ज पुढे ओढला. “चालू इयत्ता बारावी. आणि तू आहेस अकरावीत.”

“हो.”

“अर्जात खोटी माहिती दिली तर अर्जदार कायमचा बाद होतो. मागच्या पानावर आहे. वाचलं होतंस?”

“नाही,” मुंगी म्हणाली. “पण चूक माझीच आहे. मी भरताना चुकले.”

वडिलांनी तिच्याकडे बघितलं. तिने बघितलं नाही.

“अकरावीत शिकणाऱ्या मुलीला आपण अकरावीत आहोत हे ठाऊक नव्हतं?”

“माझं लक्ष नव्हतं.”

“कुठे होतं?”

“झाडाकडे.”

बाईंनी एक शिक्का उचलला आणि पॅडवर टेकवला. घाईने नाही, रोज करतात त्याच बेताने. वडिलांना दोन गोष्टी स्पष्ट दिसत होत्या. अर्ज तर बाद होणारच. आपण बोललो तरी होणार, न बोललो तरी होणार. पण न बोललो तर या पोरीच्या नावापुढे ‘खोटी माहिती दिली’ असा शेरा जन्मभर राहील, आणि ती माहिती तिने दिलेलीच नाही. त्यांनी कबूल केलेलं मोडलं.

“अक्षर माझं आहे,” ते म्हणाले.

“बाबा!”

“सगळा अर्ज मी भरलाय. तिने फक्त सही केली. वाचलाही नाही.”

“नाही हो,” मुंगी बाईंना म्हणाली. “ते मला वाचवायला बघतायत. मीच भरला.”

बाईंनी शिक्का पॅडवर तसाच ठेवला, दोन कोरे कागद काढले आणि दोघांपुढे सरकवले. “दोघंही लिहा. बारावी.”

मुंगीने सावकाश, जीभ दातांत धरून लिहिलं. इतकी वर्षं फ्रिजशेजारी पाहिलेलं अक्षर तिने हुबेहूब उतरवलं. वडिलांनी कोऱ्या कागदावर आधी एक चौकट आखली, मग तिच्यात लिहिलं. बाईंनी दोन्ही कागद अर्जाशेजारी धरले. मुंगीचं जास्त जुळत होतं.

“हिचं सुंदर आहे,” बाई म्हणाल्या. “पण चौकट आखणारा माणूस खोटं बोलत नसतो. अर्ज यांनीच भरलाय.”

“हो,” वडील म्हणाले. “निबंधही मीच उतरवला. मजकूर तिचा. शेवटचं वाक्य तेवढं माझं.”

मुंगी एकदम वळली. “कोणतं शेवटचं वाक्य?”

बाईंनी निबंधाचं पान उलटून वाचलं, “‘या अपयशातून मी आयुष्यात पुष्कळ शिकले.’”

“मी असलं कशाला लिहीन?” मुंगी म्हणाली.

“सहा शब्द उरले होते,” वडील म्हणाले. “तीनशेला.”

मुंगी त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. झाड वठलं त्या दिवशीही ती इतकी रागावली नव्हती. वडिलांना वाटलं, इयत्ता चुकली त्याची माफी एकवेळ मिळेल. या सहा शब्दांची मिळेल असं काही दिसत नाही.

“आमच्या समितीत सगळ्यांना तेच एक वाक्य खटकलं होतं,” बाई म्हणाल्या. “तरी घेतलं. बाकीचं चांगलं होतं.” मग त्या मुंगीकडे वळल्या. “मग तू काय शिकलीस?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“ते का वठलं तेच मला अजून कळलेलं नाही. जखम तर भरत आली होती. वरून पानंही फुटली होती. आणि मग गेलं. ते कळायला इथे यायचं होतं.”

बाईंनी पॅडवरचा शिक्का बाजूला ठेवून दुसरा उचलला, अर्जाच्या पहिल्या पानावर उमटवला आणि अर्ज दोघांपुढे फिरवला. ‘अग्राह्य’ असं उमटलं होतं.

“अर्ज अर्जदाराच्या स्वतःच्या अक्षरात नसेल तर आम्ही तो धरतच नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे आमच्याकडे या मुलीचा अर्ज आलेलाच नाही. न आलेल्या अर्जाची निवड झाली, ती आमची चूक. आमचं आम्ही बघू. आणि जी निवड झालीच नाही ती नाकारायचा प्रश्न येत नाही.”

वडिलांना हे समजायला वेळ लागला. मुंगीला लगेच समजलं. तिने विचारलं, “म्हणजे मी भरला असता तर...”

“तर कायमची बाद.”

मुंगी खाली बघू लागली. तिचे कान लाल झाले होते.

“म्हणजे पुढच्या वर्षी तिला अर्ज करता येईल?” वडिलांनी विचारलं.

“पहिल्यांदा करता येईल,” बाई म्हणाल्या. “पण या वर्षी निवडलं होतं म्हणून पुढच्या वर्षी निवडू, असं समजू नका. हे काही लिहून ठेवणार नाही मी. चोवीस जागा, आणि अर्ज सहाशे येतात. तेव्हा समितीत माणसंही दुसरी असतील.” त्या उठल्या आणि दारापर्यंत आल्या. “निबंध तूच लिही. आत्ता बोललीस तेवढंच.”

“त्याला तीनशे शब्द लागणार नाहीत,” मुंगी म्हणाली.

“तीनशेपर्यंत असं लिहिलंय आम्ही. तीनशेच, असं नाही.”

वडिलांनी खिशातून पेन काढून हे टिपून घ्यायला घेतलं. मुंगीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पेन खिशात ठेवलं.

परतीच्या गाडीला दीड तास होता. स्टँडवर एका बाकावर दोघं बसले. मग वडील म्हणाले, “मुंगे, मी ते वाक्य घालायला नको होतं.”

“नको होतं.”

“मला वाटलं, प्रश्नात विचारलंय तर उत्तर द्यायला हवं.”

“उत्तर नव्हतं, बाबा. मग काय द्यायचं?”

मुंगीने पिशवीतून वही काढली, मांडीवर उघडली आणि लिहायला लागली. घाईघाईने, ओळी सोडून, खाडाखोड करत. दोन शब्द लिहायची, एक खोडायची. वडिलांना राहवलं नाही. मान न वळवता त्यांनी डोळे वळवले.

“बाबा.”

“मी कुठे बघतोय?”

मुंगीने डाव्या हाताचा आडोसा केला, परीक्षेत शेजारच्यापासून पेपर झाकतात तसा, आणि लिहीत राहिली. वडील दुसऱ्या बाजूला वळून बसले. तिकडे एक भिंत होती. ती त्यांनी नीट बघितली. मग ते उठून दोन चहा घेऊन आले, एक तिच्याजवळ ठेवला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले.

“झाडाला पाच महिने लागले की साडेपाच?” मुंगीने विचारलं.

वडिलांना तारखेसकट माहीत होतं.

“तुला काय आठवतंय?” ते म्हणाले.

मुंगीने विचार केला. मग तिने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते त्यांना कळलं नाही.